आठ किलोबाईटची खोली

कात्रीताई कंपनीत रुजू झाल्या त्या पहिल्याच महिन्यात त्यांचा रजेचा अर्ज माझ्या टेबलावर आला. अर्जावर एकच शब्द होता. ‘गुरुवार.’

मी तो कागद घेऊन दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या खोलीत गेलो आणि समजावून सांगितले, की अर्जाला विषय लागतो, कारण लागते, कोणाला लिहिला आहे ते लागते आणि खाली ‘आपली विश्वासू’ असे लागते.

“गुरुवारी मी येणार नाही, एवढंच कळवायचंय ना?” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मग कळलं की तुम्हाला.”

कळले होते हे खरेच होते. मी खाली आलो, उरलेला अर्ज माझ्या हाताने लिहिला आणि त्यांच्याकडे सहीला पाठवला. त्यांनी न वाचता सही केली. या गोष्टीला एकवीस वर्षे झाली. तेव्हापासून त्या एक शब्द लिहितात, मी त्याचे पान करतो आणि त्या सही करतात. मी कार्यालयाचा अधीक्षक आहे. पत्रे, परिपत्रके आणि नियमावल्या यांचे मसुदे करणे हे माझे काम. आपल्या लिखाणावर कोणी इतक्या विश्वासाने सही करावी याचा मला थोडा अभिमानही होता.

आमच्या कंपनीत दुकानांसाठी वजनकाटे बनतात. काट्याच्या पोटात नखाएवढी एक चिप असते आणि काट्याला जे काही कळते ते सगळे त्या चिपमध्ये लिहिलेले असते. जुन्या काट्याच्या चिपमध्ये आठ किलोबाईट जागा आहे, म्हणजे नेमके आठ हजार एकशे ब्याण्णव बाईट. एक बाईट म्हणजे साधारण एका इंग्रजी अक्षराची जागा. आमची परिपत्रके बहुधा याहून मोठी असतात. एवढ्या जागेत वजन दाखवणे, किंमत काढणे, पावती छापणे आणि शून्य सांभाळणे हे सगळे कात्रीताईंनी बसवले होते. शिवाय टेअरचे बटण. रिकामे भांडे काट्यावर ठेवायचे, हे बटण दाबायचे, आकडा शून्यावर येतो. पुढे भांड्यात जे पडेल तेवढ्याचेच वजन दिसते. तराजूच्या दिवसांत लोक यासाठी दुसऱ्या पारड्यात दगड ठेवत. ताईंनी तो दगड चौसष्ट बाईटमध्ये बसवला होता.

विक्री विभागाला एकदा वाटले, की वजन झाल्यावर काट्याने ‘थँक यू’ म्हणावे. त्यासाठी नऊ बाईट हवे होते आणि चिपमध्ये चार शिल्लक होते. उरलेले पाच मिळवायला ताईंना अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी काटा थँक यू म्हणू लागला. विक्री विभागाने तेव्हा विचारले, की ‘व्हेरी मच’ बसेल का. ताईंनी त्या पत्रावर ‘नाही’ असे लिहून ते माझ्याकडे पाठवले आणि मी त्याचे दीड पान केले. कात्रीताई हे नाव त्या सुमाराला पडले. त्यांना ते माहीत होते. त्यांच्या मते त्यातला ‘ताई’ काढला तरी चालण्यासारखा होता.

घरीही त्या तशाच होत्या. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगे घासायचा आणि मुलगी दुसऱ्या शहरात एका मोठ्या कंपनीत संगणकावरचे खेळ बनवायची. घरात दिवसभर बोलायला सासूबाई. सासूबाईंना एक्याऐंशीवे लागले होते आणि त्यांची सुनेबद्दल एकच तक्रार होती.

“आमची सून बोलते की तारा पाठवते, तेच कळत नाही,” त्या मला एकदा म्हणाल्या. “परवा दवाखान्यातून फोन केला. म्हणाली, ‘दगड नाही.’ ठेवून दिला. मी अर्धा तास बसले, कसला दगड म्हणून. मूत्रपिंडातला हो! माझ्याच!”

“कळलं ना पण?” ताई आतून म्हणाल्या.

ताईंची कंपनीतली खोली बारा फूट बाय दहा. खिडकी मालट्रक उभे राहतात त्या आवाराकडे उघडायची. एका भिंतीला लोखंडी मांडणी आणि तिच्यावर चाळीस जुने काटे, सगळे चालू. प्रत्येकावर 0.000 दिसायचे. एखाद्या काट्याचे शून्य हलते आहे का, हे त्या आल्याबरोबर आणि जाताना पाहायच्या. हलले असेल तर तो काटा उचलून टेबलावर घ्यायच्या आणि त्या दिवशी त्यांना रजेचे वगैरे विचारण्यात अर्थ नसे.

पुढे नवे काटे आले. त्यांना रंगीत पडदा होता आणि हजारपट जागा होती. त्यांचे प्रोग्रॅम बाहेरून यायचे. ताईंकडे जुने काटे राहिले. ते साठ हजारांच्या आसपास दुकानांत अजून चालू होते आणि कर बदलला किंवा पावतीचा कायदा बदलला, की त्यांच्या चिपमध्ये जागा करून द्यावी लागायची.

गेल्या वर्षी मोठे साहेब बदलले. नव्या साहेबांनी पहिल्या आठवड्यात आम्हा दोघांना बोलावले. ताईंना विषयासाठी आणि मला टिपणासाठी.

“ताई, तुम्हाला किती वर्षं राहिली?” साहेबांनी विचारले.

“दोन.”

“तुमच्यानंतर हे जुने काटे कोण बघणार?”

“कोणीतरी.”

“कोण पण? मी चौकशी केली. इतक्या कमी जागेत लिहिणारी माणसं आता मिळत नाहीत. आजकाल एक फोटो काढला तरी पाच हजार किलोबाईटचा होतो. हे काम करणारं माणूसच जगात उरलेलं नाही, तर मी काटे कुणाच्या जिवावर चालू ठेवू? सगळ्या दुकानांना कळवून टाकू, की जुना काटा बंद, नवा घ्या. तुमची सोय खाली तक्रार खिडकीवर करतो. बसून काम आहे.”

“माणसं आहेत,” ताई म्हणाल्या.

“दाखवा.”

“किती?”

साहेब हसले. “दहा दाखवा. आठ किलोबाईटमध्ये चालेल असं काहीतरी लिहून दाखवणारी दहा माणसं, या तिमाहीअखेर. दाखवलीत तर खोली राहील. नाही तर ती जागा मला नव्या काट्यांच्या जाहिरातवाल्यांना द्यायची आहे.”

“बरं,” ताई म्हणाल्या. एवढ्या मोठ्या बैठकीत त्यांच्या वाट्याला पाच-सहा शब्द आले होते. मी टिपण तीन पानी केले.

जिना उतरताना मी विचारले, “दहा माणसं कुठून आणणार?”

“स्पर्धा.”

मी थांबलो. त्यांच्या लक्षात आले, की या वेळी एका शब्दाचे पान मला करता येणार नाही. मग त्यांनी जिन्यातच सविस्तर सांगितले, म्हणजे त्यांच्या मानाने. “वजनकाट्याचा प्रोग्रॅम घरी बसून फुकट कोण लिहील? खेळ लोक फुकट लिहितात. ब्राउझरमध्ये चालणारा खेळ. इंटरनेट जिथं बघतात ना, त्यातच उघडायचा. वेगळं काही घ्यायला नको, आपली चिप बाहेर द्यायला नको. एक फाईल. आठ किलोबाईट. आत काय करायचं ते करा.”

“आणि खेळ चांगला की वाईट हे कोण ठरवणार?”

“सासूबाई.”

“त्यांना संगणकातलं कळतं?”

“नाही. म्हणूनच.”

मुलीला फोनवर सांगितले तेव्हा ती खूप हसली म्हणे. तिच्या कंपनीच्या ताज्या खेळात नुसत्या घोड्याच्या शेपटीला याच्या चारशेपट जागा लागली होती. ताईंनी विचारले, “घोडा चालतो का?” मुलगी म्हणाली, अजून अडखळतो.

नियम ताईंनीच लिहून दिले. ‘आठ किलोबाईट. एक फाईल. ब्राउझर. सहा आठवडे.’ मी ते घरी नेले आणि शनिवार-रविवार बसून त्यांची नियमावली केली. सतरा कलमे झाली. त्यातले नववे कलम घोषणापत्राचे होते. खेळ स्वतःचा आहे, कोणाचा उचललेला नाही, त्यात आक्षेपार्ह काही नाही, वाद झाल्यास कंपनी जबाबदार नाही, असे सगळे त्यात नीट बांधले होते. त्याची सुरुवात अशी होती: ‘मी, उपरोल्लिखित स्पर्धेचा स्पर्धक, याद्वारे पूर्ण विचारांती घोषित करतो अथवा करते, की…’

हे घोषणापत्र वेगळ्या कागदावर न घेता खेळाच्या फाईलमध्येच, अगदी वर, काना-मात्रेचा फरक न करता उतरवायचे, असे मी ठरवले. यामागे चौतीस वर्षांचा अनुभव होता. जोडपत्र आणि मूळ कागद एकदा वेगळे झाले, की पुन्हा भेटत नाहीत. आमच्या एका गोदामाचा नकाशा आजही एकीकडे आहे आणि त्यावरची मंजुरी दुसरीकडे. फाईलमध्येच लिहिले की हरवायचा प्रश्न नाही. खेळ चालताना ते दिसत नाही, हेही मी विचारून घेतले होते.

ताईंनी नियमावलीवर न वाचता सही केली.

तोलण्याचे काम त्यांनी माझ्याकडे दिले. आमच्याकडे शिस्तच आहे: काटा ज्याने बनवला त्याने तो तपासून सही करायची नाही. खोली त्यांची जाणार होती, म्हणून मोजणार मी. मोजून झाल्याशिवाय त्या एकही फाईल उघडून बघणार नव्हत्या. फाईलचे वजन संगणकावर कुठे दिसते ते त्यांनी मला दाखवले. मी एक नोंदवही केली. तीत अनुक्रमांक, दिनांक, वजन आणि शेरा असे रकाने आखले.

ताईंनी इंटरनेटवर अशा छोट्या प्रोग्रॅमवाल्यांचे जे दोन-चार कट्टे होते तिथे नियमावली टाकली. पहिले दोन आठवडे काही आले नाही. मग एक पत्र आले. त्यात एवढेच होते, की घोषणापत्र फार मोठे आहे, छोटे करता येईल का. मी उत्तर दिले, की घोषणापत्र सर्व बाजूंचा विचार करून तयार केलेले असून त्यात बदल संभवत नाही, कळावे. असेच आणखी तीन जणांनी विचारले. त्यांना मी याच उत्तराच्या प्रती पाठवल्या. ताईंना यात त्रास द्यावा असे मला वाटले नाही.

मुदतीपर्यंत एकतीस खेळ आले. त्यातला एक कागदावर पट्टीने आखलेला होता आणि त्याचा फोटो पाठवला होता. तो मी ‘अपात्र, सुबक’ असा शेरा लिहून बाजूला ठेवला. बाकीचे तीस एका दिवसात तोलले, दोनदा. संध्याकाळी पाचला नोंदवही घेऊन मी वर गेलो.

“किती?” ताईंनी विचारले.

“सहा.”

“तीसपैकी?”

“हो. बाकीचे जड भरले. काही थोड्यानं, काही बऱ्याच.”

ताईंनी नोंदवही हातात घेतली नाही. खिडकीतून खाली एक मालट्रक मागे घेत होते. तो नीट लागेपर्यंत त्या बघत राहिल्या.

“बरं,” त्या म्हणाल्या.

जड भरलेल्यांना मी त्याच संध्याकाळी ई-मेलने तसे कळवले. तिमाही संपायला चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी मी वर गेलो तेव्हा त्या मांडणीवरचे काटे उतरवून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. गुंडाळण्याआधी एकेकाची वायर काढत होत्या. वायर निघाली की शून्य एकदम जात नाही. आधी फिके होते, मग जाते. प्रत्येक वेळी त्या ते पूर्ण जाईपर्यंत थांबत होत्या. मी तिथे उभा असेपर्यंत सात काटे झाले.

“मदत करू का?”

“नको. दोरा आणा.”

दोरा आणायला मी खाली आलो, तर माझ्या टेबलासमोर एक गृहस्थ उभे होते. चाळिशीचे, निळा गणवेश, खांद्यावर हत्यारांची पिशवी. गणवेशावर एका लिफ्ट कंपनीचे चिन्ह होते.

“लिफ्ट तर चालू आहे आमची,” मी म्हणालो.

“लिफ्टसाठी नाही आलो. हे पत्र तुम्हीच पाठवलंय ना?”

पत्र माझेच होते. त्यांची प्रवेशिका निर्धारित मर्यादेपेक्षा एक हजार ब्याऐंशी बाईटने अधिक भरल्यामुळे विचारात घेता येत नसल्याचे त्यात सखेद कळवले होते.

“साहेब, माझा खेळ आठ हजार एकशे सत्तर बाईटचा आहे,” लिफ्टवाले म्हणाले. “मी लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टच्या डब्यातली चिप तुमच्या काट्यापेक्षा लहान असते. बावीस बाईट मी मुद्दाम शिल्लक ठेवले, उगाच कमीजास्त नको म्हणून. तुम्ही कसा मोजला?”

“फाईल घेतली आणि वजन बघितलं. नऊ हजार दोनशे चौऱ्याहत्तर. दोनदा.”

“तुमचं ते घोषणापत्र धरून?”

“अर्थात. ते फाईलमध्येच आहे.”

लिफ्टवाल्यांनी हत्यारांची पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली. “ते किती भरतं माहितीये? एक हजार एकशे चार. आपलं एकेक अक्षर तीन बाईट खातं. काना वेगळा, मात्रा वेगळी.”

“वेलांटी?”

“तिचेही तीनच. नियमात लिहिलंय, खेळ आठ किलोबाईटच्या वर नको. घोषणापत्र म्हणजे खेळ नव्हे ना? मला वाटलं, काट्याची कंपनी आहे, या लोकांना सांगायला नको. तुम्ही तर भाजी पिशवीसकट तोललीत.”

मी खाली बसलो. ‘उपरोल्लिखित’ हा शब्द मी सहज म्हणून बोटांवर मोजला. अकरा घटक, तेहतीस बाईट. घोषणापत्रात तो दोनदा होता, सहासष्ट. ताईंनी टेअरचे सबंध बटण चौसष्टमध्ये बसवले होते.

“तुम्ही बसा,” मी म्हणालो. “चहा सांगतो.”

“चहा राहू द्या हो. खेळ मोजा.”

मी त्यांना तसेच बसवून वर गेलो. दोरा न्यायचा विसरलो. ताईंचा तेरावा काटा चालला होता. मी सगळे सांगितले, मध्ये काही न गाळता. चौतीस वर्षे वजनकाट्याच्या कंपनीत काढून मी भांड्याचे वजन वजा केले नव्हते, आणि भांडेही माझेच होते, हेही सांगितले.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “फाईलमध्ये घोषणापत्र घालायला तुम्ही लावलंत?”

“कलम नऊ. तुमची सही आहे.”

“मी तुमचं कधी वाचलंय का?”

“नाही.”

“एकवीस वर्षांत एकदा वाचायला हवं होतं.” हे त्या स्वतःलाच म्हणाल्या. मग वायर काढायला पुन्हा हात घातला.

“अहो थांबा. मी पुन्हा तोलतो. वजा करून.”

“मुदत संपली. निकाल कळवला. आता नियम बदलायचा नाही.”

“पण चूक माझी आहे!”

“फायदा माझा आहे. साहेब काय म्हणतील? सहा निघाले, दहा हवे होते, म्हणून बाईंनी मोजायची रीत बदलली. काटा खाली गेला म्हणून कोणी खालून बोट लावतं का?” जिन्यातले सोडले तर गेल्या एकवीस वर्षांतले त्यांचे हे सर्वांत मोठे भाषण होते. “नको भाऊ. सहा म्हणजे सहा.”

काटा क्रमांक तेराचे शून्य फिके झाले आणि गेले.

मी खाली आलो. लिफ्टवाले चहा पीत होते. आमच्या शिपायाने न सांगता दिला होता. मी कपाट उघडून नियमावली काढली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसलो. आपणच लिहिलेले कागद कोणी असे वाचत नाही. नववे कलम वाचताना पुन्हा वाईट वाटले. दहावे पारितोषिकाचे, अकरावे पत्रव्यवहाराचे. सोळाव्या कलमाशी आलो आणि थांबलो. ते कलम मी आमच्या प्रत्येक करारात, निविदेत, नियमावलीत घालत आलो आहे. आता ते लिहिताना माझे लक्षही नसते. मी ते लिफ्टवाल्यांना मोठ्याने वाचून दाखवले.

“‘तोलण्याविषयी कोणताही प्रश्न उपस्थित झाल्यास कंपनीची प्रचलित तोलणी-पद्धती लागू राहील व तीच अंतिम समजावी.’”

“म्हणजे?”

मी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून तोलणी-पद्धतीचे पुस्तक काढले. साहेब येण्याच्या कितीतरी आधी छापलेले होते. पान चौथे. ‘भांडे, पिशवी, वेष्टन इत्यादींचे वजन वजा केल्याखेरीज कोणतेही वजन ग्राह्य धरू नये.’

“इत्यादी आहे,” मी म्हणालो.

“मग चला की,” लिफ्टवाले म्हणाले आणि पिशवी उचलून माझ्या आधी जिन्यात गेले. लिफ्ट होती, पण ते कधी लिफ्टने जात नाहीत असे नंतर कळले.

ताईंनी आधी पुस्तक वाचले. मग कलम सोळा वाचले. मग, मी काही म्हणायच्या आत, पहिल्या कलमापासून सगळी नियमावली वाचली. उभ्यानेच. वीस मिनिटे गेली. लिफ्टवाले तोवर मांडणीवरचे उरलेले काटे निरखत होते.

“हे सोळावं कुणी वाचावं म्हणून घातलं होतं?” ताईंनी विचारले.

“कुणीच नाही. हे वाचायला नसतं. असायला असतं.”

“म्हणजे नियम बदलत नाही.”

“नाही. तुमची सही आहे त्याखाली. मोजणाऱ्यानं पाळला नाही, इतकंच.”

त्यांनी लिफ्टवाल्यांकडे पाहिले. “आठ हजार एकशे सत्तर?”

“हो ताई.”

“बावीस शिल्लक का ठेवले?”

“सवय आहे. लिफ्टमध्ये माणसं गच्च भरायची नाहीत.”

ताईंनी यावर मान हलवली. त्यांच्याकडून एवढे कौतुक मला अजून मिळालेले नाही.

फेरतोलणी आम्ही दोन साक्षीदार ठेवून केली. एक रोखपाल आणि एक आमचा शिपाई. प्रत्येक वजनातून एक हजार एकशे चार वजा. नोंदवहीत नवा रकाना आखला: ‘भांडे’. दहावा खेळ मर्यादेत बसला तेव्हा रोखपाल “दहा!” असे ओरडले आणि साक्षीदाराने ओरडू नये म्हणून मी त्यांना गप्प केले. शेवटी सतरा भरले. आधी नाही म्हणून कळवलेल्यांपैकी जे अकरा जण आता बसले त्यांना मी दिलगिरीची पत्रे लिहिली. या वेळी एकेक ओळीची. ती लिहायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

त्याच संध्याकाळी सतरा खेळ सासूबाईंपुढे ठेवले. त्या खुर्चीत ताठ बसून एकेक खेळल्या. एकाला म्हणाल्या, “हा काय चेंडू, नुसता भिंतीला धडकतो, माझ्या दिरासारखा.” एकात मुंग्या साखर नेत होत्या, तो त्यांना आवडला, पण मुंग्या मारायची सोय नाही म्हणून त्यांनी एक गुण कापला. लिफ्टवाल्यांच्या खेळात पाच मजले होते आणि एक लिफ्ट. प्रत्येक मजल्यावर जाडी-बारीक माणसे ताटकळत उभी. लिफ्ट जड झाली की कर्कश वाजायची आणि कुणाला बाहेर काढायचे ते ठरवावे लागायचे. काढलेला माणूस पाय आपटत जिन्याने जायचा.

“ह्या जाडीला काढते,” सासूबाई म्हणाल्या. “नको, तिच्या हातात पिशवी आहे. ह्या टाय लावलेल्याला काढते. जा रे, चालत जा.” चाळीस मिनिटांनी सुनेने जेवायला हाक मारली, तर म्हणाल्या, “थांब गं, तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारी कधीची उभी आहे.”

निकाल तिथेच लागला.

मोठ्या साहेबांपुढे मी नोंदवही, नियमावली, तोलणी-पद्धतीचे पुस्तक आणि साक्षीदारांच्या सह्या मांडल्या. साहेबांनी त्यातले काही वाचले नाही. सतरा हा आकडा पाहिला आणि “असे खेळ असतात तरी कसे?” म्हणून लिफ्टचा खेळ उघडायला सांगितला. आम्ही दोघे समोर उभे होतो. पाच मिनिटांनी साहेबांनी आम्हाला बसायला सांगितले. पंधरा मिनिटांनी त्यांनी एक फोन न उचलता बंद केला. टाय लावलेल्या माणसाला त्यांनी एकदाही बाहेर काढले नाही.

“या लिफ्टवाल्याला आपल्याकडे यायला जमेल का?” शेवटी त्यांनी विचारले, पडद्यावरून नजर न काढता.

“मंगळवार, शनिवार,” ताई म्हणाल्या. त्यांनी आधीच विचारून ठेवले होते.

“ठीक. शब्द म्हणजे शब्द. खोली राहील. पण जाहिरातवाल्यांनाही मी शब्द दिलाय. मध्ये पार्टिशन घालू. अर्धी तुम्हाला, अर्धी त्यांना. चालेल?”

मला हे चालण्यासारखे वाटले नाही आणि मी तसे टिपण करण्याच्या बेतात होतो. ताईंनी क्षणभर विचार केला. चाळीस काटे, दोन माणसे, एक टेबल, सहा फूट बाय दहा.

“बसेल,” त्या म्हणाल्या.

बसले. मांडणी आडवीची उभी केली, टेबलाचे दोन खण काढले. गुंडाळलेले तेरा काटे पुन्हा लावले. तेराव्याचे शून्य थोडे हलत होते. त्यावर लिफ्टवाल्यांचा पहिला मंगळवार गेला. पलीकडून जाहिरातवाल्यांचे हसणे ऐकू येते. ताईंच्या मते ते लोक बोलतात फार.

परवा त्यांनी पुढच्या वर्षीच्या स्पर्धेची चिठ्ठी पाठवली. ‘पुन्हा.’ मी माझी नियमावली काढली आणि पहिल्यांदाच तीत काही न वाढवता बसलो. सतरा कलमांची सहा झाली. सोळावे ठेवले. घोषणापत्रावर मात्र तीन दिवस गेले. आधी ‘उपरोल्लिखित’ गेले, मग ‘याद्वारे’, मग ‘पूर्ण विचारांती’, मग ‘घोषित करतो अथवा करते’. शेवटी जे उरले ते घेऊन मी वर गेलो.

‘माझंच आहे.’

ताईंनी कागद हातात घेऊन वाचला. आता त्या सगळे वाचतात. मी म्हणालो, “सव्वीस बाईट. वजा करायचीसुद्धा गरज नाही.”

त्यांनी पेन घेतले आणि शेवटचे टिंब खोडले.

“पंचवीस,” त्या म्हणाल्या आणि सही केली.